उत्तमच्या दुकानात बसरा

एप्रिल, दोन हजार तीन. त्या संध्याकाळी वाडीत लाइट होती.
हे आधी सांगायला हवं. ती नसती
तर पुतळा पडलेला इथं कुणाला दिसलाच नसता.

पोराचे केस कापायचे म्हणून मी बाहेरच्या बाकावर.
बायकांनी आत बसू नये असं कुठं लिहिलेलं नाही,
तरी मी बाहेरच.
आत टीव्हीवर साखळदंड, गुडघ्यात वाकलेला धातूचा माणूस,
आणि चपलांनी त्याचं तोंड बडवणारी पोरं.

'बरं झालं,' अमोल म्हणाला. भरतीसाठी रोज पहाटे
कोरेगाव रोडला पळतो तो.
'जुलमी होता. कुणीतरी जायलाच पाहिजे होतं.'
'पण बोलावलं कुणी होतं?' तांबोळी सर.
'बोलावणं कसलं, सर? शेजारी नवरा बायकोला मारतोय.
दार फोडायचं का नाही?'

उत्तमनं वस्तरा पट्ट्यावर दोनदा ओढला.
'फोड की. पर बाईला सोडव आन् घरी ये.
तितंच माजघरात खाट टाकून
तेलाची बरणी कुटं हाय, इचारू नको.'

हसले सगळे. मीही.

मग गोष्ट रसायनांवर गेली. सापडली का? सापडतील.
नाही सापडली तर? तर काय, माफी मागतील.
कुणाकडं?
कुवेतचा वेल्डर भाऊ परत येणार, सुदामनं बोटांवर मोजलं,
म्हणजे स्लॅब राहणार,
म्हणजे बॉम्ब तिकडं आणि सळया इकडं गंजणार.
मरणारी माणसं त्याच्या बोटांवर आली नाहीत.
माझ्याही आली नव्हती, खरं सांगायचं तर.

खुर्चीत हवालदार जगदाळे, रिटायर, अर्ध्या गालाला फेस.
लंकेला जाऊन आलेले. इतका वेळ गप्प.
'आमाला तर बोलावलं होतं,' ते आरशाला म्हणाले.
'करार करून. सहीशिक्क्यानं.
जाफन्यात पहिल्या दिवशी बायकांनी हार घातले.
माझ्या गळ्यात जास्वंदीचा.
ऑक्टोबरात त्याच गल्लीत...'
वस्तरा थांबला.
'त्याच गल्लीत काय, दादा?'
'दाढी कर.'

समोर चावडीच्या भिंतीत एक दगड आहे, इंग्रजी अक्षरांचा.
या गावातून मोठ्या लढाईला एकोणतीस गेले, सात मेले.
नावं नाहीत. आकडे.
माझ्या सासऱ्यांचा आजा एकोणतिसांतला,
बसऱ्याच्या धक्क्यावर उतरलेला, महिना अकरा रुपये.
त्यालाही कुणी विचारलं नसणार, हे बरोबर आहे का, गणू?
विचारलं असतं तर म्हणाला असता, अकरा रुपये.

त्याचं एक कार्ड घरात आहे, दुसऱ्याच्या हातचं, शाई तपकिरी:
'इकडे नदी फार थोर. जोंधळा नाही. खजूर शिंदीसारखा दिसतो.
विहिरीवर एका म्हातारीकडे पाणी मागितले.
तिने आमच्यादेखत कळशी उपडी केली.
आमचे काय चुकले ते कळवावे.'

उत्तर गेल्याचं घरात कुणाला ठाऊक नाही.

मी ते कार्ड आत जाऊन वाचून दाखवलं असतं
तर अमोल म्हणाला असता, काकी, तो काळ वेगळा.
सर म्हणाले असते, काळ तोच आहे.
आणि वाद रात्री लाइट जाईपर्यंत चालला असता.
मी बाकावरच बसले.

माझा माणूस आत्ता जिथं आहे
त्या गावाचं नाव पत्त्यात येत नाही,
नुसते अंक, केअर ऑफ छप्पन ए.पी.ओ.
फोनवर मी जेवण विचारते, थंडी विचारते, सुट्टी विचारते.
तिथं पाणी कोण देतं, हे नाही विचारलं अजून.

पोरगं मान खाजवत बाहेर आलं. मिलिट्री कट.
'मी असं सांगितलं नव्हतं,' मी म्हणाले.
'या गावात समद्यांचा ह्योच कापतो, वैनी,' उत्तम म्हणाला.
'सुट्टे हायत का?'