नीळ्लु वच्चिनाया

त्या रात्री नाणं पडत होतं.
गड्ड्यावरचा पाळणा वरून खाली येताना
पोटात जसा खड्डा पडतो तसं,
फक्त हा पाळणा परत वर जाईना.

ग्रुपमध्ये आम्ही एकवीस जण.
कुणाचं अक्कलकोट रोडला टॉवेलचं युनिट,
कुणाची विजापूर वेशीत मोबाईलची टपरी,
तौफिक बागवान, शिवलिंग हत्तरकी, मी,
आणि साखर पेठेतला अंबादास कोडम,
ज्यानं दोन माग भंगारात घालून
आलेला पैसा यात घातला होता.
हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

तीन वाजले. सगळ्यांच्या नावाखाली ऑनलाईन,
आणि लिहीत कुणीच नाही.
तेवढ्यात अंबादासचा मेसेज:
नीळ्लु वच्चिनाया?

हत्तरकी म्हणाला, काय बे, हे कुठलं नाणं?
तौफिक म्हणाला, नवीन दिसतंय, कितीला आहे?
एकानं लिहिलं, माझे पाचशेचे लावा.
बऱ्याच वेळानं अंबादासनं ओशाळून सांगितलं:
बायकोला पाठवत होतो, चुकून इकडं आलं.
मी रातपाळीला आहे, नळाचा पाचवा दिवस.
पाणी आलं का, एवढंच विचारलंय.

मग लै हसलो.
मी तोंडात चादर कोंबून, पोरं उठतील म्हणून,
तौफिक म्हणे संडासात बसून.
रेघ उतरतच होती,
पण आता तिच्याकडं बघायला एकवीस जण होते.

त्या दिवसापासून भाव कुणी विचारला नाही.
चढला की आलं. पडला की गेलं.
अडकून बसला की गढूळ येतंय, भरू नका.
घाबरून विकणाऱ्याची बादली गळकी,
आणि सगळ्यात वरच्या भावाला घेणारा टाकीवाला
(तो मीच).
हत्तरकीच्या भाच्यानं चित्र केलं:
हंड्यांची रांग, शेवटच्या हंड्याला अंबादासचं तोंड.
अंबादासनंच ते आधी स्टेटसला ठेवलं.
नव्या माणसाला अर्थ सांगायचा नाही,
पहिल्यांदा बुडाला की त्याला आपोआप कळतो.

मागाखाली कापसाचा भुगा साठतो ना,
तो कुणी विणलेला नसतो.
रात्रभराच्या खडखडाटातून गळतो,
आणि कुणीतरी एक दिवस
त्याची उशी भरतं.

श्रावणात एका दुपारी करडी ओळ आली:
अंबादास कोडम यांनी ग्रुप सोडला.
तौफिकनं सवयीनं खाली लिहिलं, गेलं.
मग खोडलं.
खोडल्याची खूण तेवढी राहिली,
तिच्याखाली दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही.

परवा इचलकरंजीच्या एका पोराशी बोलणं झालं,
सुताच्या कामासाठी. जाता जाता म्हणाला,
तुम्ही पण घेता का नाणी? मग थांबा, नीलू येणार.
म्हटलं, कोण नीलू?
आमच्याकडं सगळे म्हणतात की.
भाव पडला की एकच: नीलू वच्ची का?
कुणी म्हणतं एजंटची पोरगी होती,
कुणी म्हणतं तिनं सगळं विकलं आणि दुबईला गेली.
त्यानं मला चित्र दाखवलं.
हंड्यांची रांग तीच.
शेवटच्या हंड्यावर अंबादासच्या जागी
काळा चष्मा घातलेली बाई.

हे त्याला सांगायचं म्हणून मी कितीदा फोन काढला.
शेवटी अशोक चौकात तोच भेटला,
सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधलेले.
आता दुसऱ्याच्या मागावर आहे म्हणाला. बरं आहे.
नीलू माझ्या जिभेवर आली होती.
तेवढ्यात त्यानंच विचारलं,
तुमच्या भागात आलं का?

मी क्षणभर त्याच्या तोंडाकडं बघितलं,
मग कॅनकडं.
आलं, म्हटलं, पण धार बारीक आहे.
त्यानं मान हलवली
आणि सायकल माझ्या गल्लीकडं वळवली.