खोल्याचा सडा

सड्यावर वाट अशी नाहीच.
गुरांनी घासून गुळगुळीत केलेला जांभा,
त्यावर मागच्या रविवारची
माझीच चाकाची रेघ, पुसट.

डावीकडे समुद्र. बघायचा नाही.
बघितलं की चाक तिकडेच ओढतं,
हे दोनदा कोपर सोलून शिकलोय.

मग उतार, काजूंचं रान,
ब्रेक दाबला की सुका पाला साबणासारखा सरकतो,
बोंडांचा आंबूस वास हेल्मेटात शिरतो
आणि वळणावर अचानक
पांडगो वेळीप, डोक्यावर डबा.
मी थांबतो, अर्धा करवंदीच्या जाळीत.

तो घाईत नसतो. डबा उतरवतो,
टायरची नखं अंगठ्यानं चाचपतो.
“खंय वता?”
कुठेच नाही, म्हणतो मी. खाली जातो, परत वर येतो.
तो हसत नाही. खरंच विचार करतो.
“आमचीं गोरवां तशींच,
पूण तीं चरतात.”

रात्री मडगावात, गॅलरीत,
मोज्यांतून कुसळं वेचत बसलो.
सत्तावीसपर्यंत मोजली.
केराच्या डब्याकडे नेली,
मग तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत
झटकली.