दाराच्या चौकटीवर

आधी वाटलं, झोपेत अवघडला असेल.
मग वाटलं, वय.
मग ऑक्टोबरात एका सकाळी
धुरीघरातल्या वरच्या सळईला मासे अडकवायला गेले
आणि हात खांद्याच्या उंचीवरच अडला,
गोठलेल्या बंदरात होडी अडावी तसा.

हिउमा बेट ते केवढं! सगळ्यांना विचारून झालं.
पोस्टातल्या लिंडानं मलम दिलं, डबीवर अस्वलाचं चित्र.
शेजारी म्हणाला, कडक सौना, वर बर्चच्या डहाळीचे फटके.
फेरीच्या तिकीटवाल्याच्या मेहुण्याचा खांदा म्हणे
आपोआप सुटला,
अडीच वर्षांनी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं: फिजिओथेरपी.
म्हणजे मालीश, मी समजले,
आणि ती तालिनला असणार. फेरी, बस, सगळा दिवस.
"तालिनला कशाला?" लिंडा म्हणाली,
"आपली ट्रीनू आहे की, वाचनालयाच्या मागे."

ट्रीनू! दर शुक्रवारी माझ्याकडून
दोन धुरावलेले लेस्त मासे नेणारी.
मला वाटायचं, पोरांना नाच शिकवते.
काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात;
माझी तर काखच उघडत नव्हती.

तिच्या खोलीत तेलाची एक बाटली नाही.
काठी, चेंडू, रबरी पट्टे, भिंतीला शिडी.
तिनं हात लावला नाही आधी. विचारलं,
"काय करता येत नाही?"
"दुखतं."
"ते कळलं. करता काय येत नाही?"
वरची सळई. पाठीमागचा हुक. केस विंचरणं.
आणि, खिडकीकडे बघत,
काल्यूच्या अंगावर हात टाकून झोपणं.
चारही गोष्टी तिनं एकाच शाईनं लिहिल्या.

मग काढला कोनमापक,
कंपासपेटीतल्या त्या जुन्या दुष्मनाचा थोरला भाऊ.
"ब्याऐंशी," ती म्हणाली.
गणितात मला इतके कधी पडले नव्हते.

"सांध्याभोवती एक पिशवी असते," ती सांगू लागली,
"सदऱ्याच्या काखेसारखी, खाली सैल चुण्या.
त्या चुण्या आक्रसल्यात, चिकटल्यात.
हिसका मारून सुटणार नाहीत.
रोज थोडं. रात्री ठणकलं, तर समजा
दिवसा हावरटपणा झाला."

माझा गृहपाठ: बोटांनी भिंत चढायची.
भिंतीला तर सगळीकडे फळ्या, फडताळं;
मोकळी होती फक्त स्वयंपाकघराच्या दाराची चौकट,
जिच्यावर मार्गुसच्या उंचीच्या रेघा,
वय चारपासून, सुताराच्या पेन्सिलीनं.
तो आता फिनलंडमध्ये परांच्या बांधतो.
त्याच्या पाचव्या वर्षापाशी सुरुवात केली,
कोळ्यासारखी बोटं, दात आवळलेले.
नाताळात पहिलीच्या रेघेवर येऊन बसले.
तीन आठवडे. तिथंच.
एके दिवशी काठी फेकली, कुत्रं घाबरून बाहेर.

ट्रीनू रागावली नाही. धीरही दिला नाही.
फक्त क्रम बदलला:
आधी गरम पाण्याची पिशवी, मग व्यायाम,
आणि चढताना श्वास सोडायचा, धरायचा नाही.
एवढंच? एवढंच.

मार्चात खाडीतला बर्फ कडकडला त्या आठवड्यात
मी मार्गुसचं अकरावं वर्ष ओलांडलं.
शेजारी माझी रेघ मारली, तारीख घातली.
हुक जमतो. केस जमतात.
चौथ्या ओळीपुढे, तिनं न विचारता,
मीच बरोबरची खूण केली.

सळई मात्र अजून एक वीत लांब.
शुक्रवारी ट्रीनू मासे घ्यायला आली,
धुरीघरात डोकावली, मान वर करून बघत राहिली.
"ही इतक्या उंचावर का?"
मी विचार केला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.
"सासू उंच होती माझी."

काल्यूनं संध्याकाळी चार खिळे उपटले.