डोल

बाबा खाडीत दोन खुंट ठोकायचा,
मध्ये डोल जाळं बांधायचा
आणि होडीत बसून विडी ओढायचा.
जाळं मासळीच्या मागे पळत नाही, म्हणायचा,
तोंड उघडं ठेवतं. बाकी पाणी बघून घेतं.

तो गेल्यावर त्याच जाळ्याची मी ही झोळी केली.
शेपटाकडचा बारीक आसाचा तुकडा,
दोन्ही टोकांना कामावरून उरलेला दोर.
वाशीत मी लिफ्ट दुरुस्त करतो,
माणसं दोरावर किती निर्धास्त उभी राहतात
ते मला रोज दिसतं.

चैत्रात दिवाळ्याहून आमची पालखी निघते
कार्ल्याच्या डोंगराकडे, आईच्या पायरीला.
पहिला मुक्काम पळस्प्याच्या अलीकडे, शाळेत.
बाकं भिंतीला लावून सगळे फरशीवर आडवे,
साठ घोरणी, एक पंखा.
मी बाहेर झाडं बघत फिरतो.

नऊ हातांच्या अंतराने दोन झाडं,
आईकडेसुद्धा याहून जास्त मी मागितलं नाही.
एक्केचाळीस आणि बेचाळीस, दोन शिरीष,
सालीवर पांढऱ्या रंगाने घातलेले आकडे.
सात वर्षं त्यांच्यामध्ये झोपलो.
यंदा एक्केचाळीस होता.
बेचाळीसचा खुंट झाला होता, गुडघ्याएवढा,
कापल्या जागी अजून ओला,
आणि रस्ता त्याच्यापर्यंत चालत आलेला.

काथोड म्हणाला, टेम्पोच्या हुकाला बांध.
टेम्पोत टोप, तांदळाची पोती, भोंगा, पायांना चोळायचं तेल.
आणि पहाटे झोपेत गाडी काढलीस तर?
तर कार्ल्याला सगळ्यांच्या आधी पोचशील.

बांधली.
उलव्याकडे एक विमान उतरत होतं
बगळा सोडतो तसे पाय खाली सोडून.

दीडच्या सुमाराला चांगुणाआत्या बाहेर आली
भिंत धरत, अनवाणी. नवस आहे तिचा.
फरशी हाडाला लागते रे, म्हणाली.
मी उतरलो.
नको, नको, मी काय बोंबील आहे जाळ्यात शिरायला?
मग टेकली. मग एकेक पाय वर घेतला.
झोळी वीतभर खाली गेली, हुक करकरला,
आतून काथोड ओरडला, कोण आहे?
भरती, आत्या म्हणाली.

बराच वेळ ती नुसती हलत होती.
अंधारात तिची बोटं जाळ्यावरून फिरत होती,
तांदूळ निवडल्यासारखी,
आणि एका जागी थांबली.

ही गाठ माझी.

कशावरून?

तुझ्या बापाची गाठ घाईची, डावीकडे कलणारी.
ही बघ, ही. आणि इथून खाली सगळं.
मुशीने फाडलं होतं त्या साली मी भरलं,
तू तापाने फणफणला होतास, मांडीवर होतास माझ्या.
सुईला दोर लावायलासुद्धा हात मोकळा नव्हता.

सात वर्षं मी समजत होतो
बाबाच्या हातांवर झोपतोय.

ती झोपली. मी बेचाळीसवर बसून राहिलो.
एका बाजूला झाड, एका बाजूला टेम्पो,
मध्ये आत्या,
आणि कंटेनर एकामागून एक जात होते,
प्रत्येक वेळी झोळी थोडी सरकायची, परत यायची.

पाचला पालखी उठते.
काथोडने किल्ली घातली, फिरवली नाही.
सव्वापाच. भोंग्यावाला पोरगा खुणेने विचारत होता,
काथोड खुणेनेच त्याला बसवत होता.
पालखीसुद्धा थांबली, उगाच कुणी फुलं नीट केली.

उठली तेव्हा तिच्या गालावर, दंडावर
जाळ्याचे आस उमटलेले,
सगळे शाबूत.
काय बघतोस, म्हणाली, आणि पदर घेऊन पुढे झाली.

शेडुंगपर्यंत ऊन वर आलं
आणि दंडावरचे आस एकेक मिटत गेले.
मी मागून चाललो होतो,
झोळी खांद्यावर,
पँटला शिरीषाचा चीक.