शेवटचा खेळ, पुंता अरेनास

खेळ सुटला. बाहेर वारा असा
की चौकात पालिकेने दोर बांधलेले.
दोराला धरूनच सगळे बोलत होते.

वेल्डर एउसेबियो म्हणाला, बंदूक एकच,
गोळ्या मी मोजल्या. एकसष्ट.
त्याच्या पोराला राक्षस पसंत,
फक्त आणखी बुळबुळीत हवा होता.
नर्स मारित्सा चिडलेली :
बरगड्या मोडलेला माणूस
अशी मिठी मारत नाही, निदान ओरडतो तरी.
कुणी म्हणालं, प्रेम कापा, अर्धा तास वाचेल.
कुणी म्हणालं, अहो, प्रेमच ठेवा, बाकीचं कापा.

मी तिकिटं फाडतो. मला कुणी विचारत नाही.

नेलिदा मात्र गप्प.
तिचा नवरा सामुद्रधुनीत खेकडे धरायला गेलेला,
त्याला नऊ हिवाळे झाले.
पडद्यावर ते पाण्यातून वर आलं,
मेलेल्या प्रियकराच्या आवाजात बोललं,
आणि नायिकेने गोळी झाडली,
तेव्हा थिएटरभर टाळ्या.

कोपऱ्यावर दोर संपला.
तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला.
"घाई केली पोरीने," म्हणाली,
"जेवलास का, एवढं तरी
विचारायचं आधी."