काचपट्टी

ओळंबा सोडला आणि थांबले
त्याचं डोलणं संपेपर्यंत.
उत्तरेची भिंत तीन बोटं बाहेर.
बोटं नाही, मिलिमीटर लिहायचे. एकसष्ट.

चिऱ्याभोवती विटांची चौकट,
वीट जाड तेवढाच चुन्याचा थर.
नखाने उकरलं की पीठ गळतं.
लाकडी हातोडीने ठोकत सरकले:
टण, टण, टण,
मग ढब.
तिथे खडूची फुली.
आत कधीकाळी सुरूचा वासा होता
भिंतीच्या कमरेला आवळलेला.
किड्यांनी सातशे वर्षं सावकाश खाल्ला,
आता वाशाच्या मापाची पोकळी तेवढी
भिंत धरून उभी आहे.

घुमटाच्या गळ्यातून निघालेला तडा
देवदूताच्या कोपरातून उतरतो,
खिडकीपाशी दम घेतो.
तिथेच ती: जिप्समच्या दोन टिकल्यांवर बसवलेली
बोटभर काच, शहाऐंशीच्या भूकंपानंतरची.
भिंत हलली तर फुटायचं, एवढंच तिचं काम.
काच अखंड.
मी तक्त्यात लिहिलं: स्थिर.
जरा आनंदानेच लिहिलं.

‘चांगली बसलीय ना?’ किल्लीवाल्या ग्रामातिकीबाई म्हणाल्या,
‘गेल्या ईस्टरला लावली.’

टॉवेलनं समई पुसावी तशा त्या सांगत होत्या.
पहिली फुटली, पोतिस गेला त्या हिवाळ्यात.
त्याच्याच हिरकणीने कापून नवी बसवली.
दुसरी, रस्त्यावर डांबर पडलं तेव्हा,
रोलर इथूनच गेला, दिवसभर.
मग एका वर्षात दोन.
मग बरीच वर्षं काही नाही.
मग शाळा बंद झाली, त्या सप्टेंबरात.
‘फुटकी काच संतापुढे ठेवायची कशी, पोरी?
तुमचा माणूस तर लावून गेला तो गेलाच.’

तुकडे?
‘टाकतं का कुणी!’
कॉफीचा डबा. प्रत्येक तुकडा
त्या त्या दिवसाच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
एकावर तारीख अर्धीच फाटलेली, एकावर तेलाचा डाग.
मी जमिनीवर बसून कागद सपाट करत राहिले,
‘स्थिर’ खोडलं,
शेऱ्याचा रकाना पुरेना म्हणून
समासात लिहिलं, मग पाठीमागे.

निघताना दार लागेना.
ग्रामातिकीबाईंनी खांदा लावला, दोनदा.
‘पूर्वी एका बोटाने लागायचं,’ म्हणाल्या,
आणि किल्ली एप्रनमध्ये टाकता टाकता,
‘हेही लिही.’