हसण्याच्या जागा

बी-अकरा, दुसरा मजला, सरकारी वसाहत, वांद्रे पूर्व.
रविवारी रात्री साडेनऊला
आमच्या टीव्हीवर विलायतेचे मंत्री यायचे.
कालव्यांचं खातं होतं त्यांच्याकडे,
आणि एक सचिव, उंच, मिटलेल्या छत्रीसारखा,
जो नकार असा द्यायचा
की मंत्री त्याचेच आभार मानायचे.

खांबेटेकाका (वित्त विभाग, कार्यासन चार) म्हणायचे,
ही विनोदी मालिका नव्हे, प्रशिक्षणवर्ग आहे,
आणि मांडीवरच्या वहीत काहीबाही टिपून घ्यायचे.
निमकरबाईंना पटतच नसे.
टेबलावर एक गठ्ठा नाही, सुतळी नाही, झुरळ नाही,
मग हे लोक कामं लांबवतात तरी कशाच्या जोरावर?

इनास डिमेलो टंकलेखक, आमचा दुभाषी.
वाक्य संपलं की मराठीत सांगायचा.
त्यामुळे आमच्याकडे एकेका विनोदावर दोनदा हसू व्हायचं,
आधी लंडनचं, पेटीतून आलेलं,
आणि मग जरा उशिरा,
योग्य मार्गाने आलेलं, आमचं.

आई म्हणायची, बायका कुठायत यात?
एक आहे, ती दार उघडते.
एवढं बोलून ती चहा टाकायला जायची.

बाबा हसत नसत.
बाबांचं मत विचाराधीन असे.

सोनू गमरे, बाबांच्या कार्यासनाचे शिपाई,
दाराशी बसायचे, आत या म्हटलं तरी.
इंग्रजी येत नव्हतं,
पण हसायचे डिमेलोच्या आधी, थेट लंडनबरोबर.
मी एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळतं हो?
"त्यात काय ताई, कपाकडं बघायचं.
खोटं बोलायच्या आधी सचिव कप खाली ठेवतो.
मंत्री फसला की बशी वाजते.
सव्वीस वर्षं मी तेच कप नेतोय, आणतोय."
बाबांनी हातातला कप
हातातच धरून ठेवला.

मग तो भाग आला.
कुठल्याशा गावाला कालव्याचं पाणी हवं असतं,
आणि सचिव एक समिती नेमतो,
पाणी म्हणजे काय ते ठरवायला.
लंडन पोट धरधरून हसलं.
डिमेलोनं सांगितलं, आम्हीही हसलो.
खांबेट्यांच्या डोळ्यांत तर पाणी.
गमरे तेवढे हसले नाहीत.
म्हणाले, "ही आमची फाईल."
तक्रार नव्हती आवाजात.
रस्त्यात गाववाला दिसावा, तसं म्हणाले.

नाल्यापलीकडच्या वस्तीला एक नळ.
अकरा वेळा ती फाईल त्यांनीच काखेत घालून नेली होती
या टेबलावरून त्या टेबलावर,
आणि मराठी वाचता येत होतं त्यांना.
समासात, हिरव्या शाईत, ओळखीचं वळणदार अक्षर:
तपासून पुन्हा सादर करावे.

बाबा उठले, टीव्ही बंद केला.
म्हणाले, आवाज फार होतोय, उद्या मुलांची शाळा आहे.
शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या.

सोमवारी कचेरीत काय झालं, मला माहीत नाही.
कामाचं घरी विचारायचं नाही, असा शिरस्ता होता.
दिवाळीनंतर गमरे यायचे थांबले.
एक रविवार, दोन रविवार.
आई म्हणाली, रागावले असतील.
बाबा पेपर वाचत राहिले, उलटा नव्हे, पण एकच पान.

शेवटी डिमेलोनंच बातमी आणली.
वस्तीत नळ आला होता.
पाणी सोडतात रात्री साडेनऊ ते दहा,
रविवारीसुद्धा,
आणि हंडा भरायला गमरेंची पाळी तिसरी.

बाबा म्हणाले, मालिका बरी आहे.

पुढचे सगळे भाग आम्ही पाहिले,
दाराशी ती जागा तशीच.
विनोद होत राहिले, लंडन हसत राहिलं,
डिमेलो सांगत राहिला.
पण वेळेवर हसणारं
आमच्या घरात कोणी उरलं नव्हतं.